सरकारी दुकान की खाजगी बिअर शॉपी? फाट्यावरच्या एका अर्जावरून

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, आमच्या गावाच्या फाट्यावर बिअर शॉपी टाकायची म्हणून एकाने ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागितली आहे. ग्रामसभेत त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. बाया म्हणाल्या, नकोच. काही तरुण म्हणाले, येऊ द्या, नाहीतरी पोरं तालुक्याला जातात आणि रात्री पिऊन गाडीवर परततात. एका निवृत्त गुरुजींनी मात्र वेगळंच काढलं. छत्तीसगडात सरकारच दुकान चालवतं, मग आपल्याकडे का नाही? मालकच नसला की नफेखोरी नाही, भेसळ नाही, पैसा सरळ तिजोरीत. सभेतल्या बऱ्याच जणांना ते पटलं.

मला पटलं नाही. का, ते सविस्तर लिहितो.

आपला कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. म्हणजे दारू मुळात बंद, परवाना असेल तेवढीच चालू. देशी दुकानाचा परवाना सीएल-३, वाईन शॉपचा एफएल-२, परमिट रूमचा एफएल-३ आणि बिअर शॉपीचा एफएल/बीआर-२. वाईन शॉपचे नवे परवाने कित्येक दशकं दिले गेले नाहीत, जुनेच हात बदलत फिरतात. बिअर शॉपीचा मात्र नवा मिळतो. म्हणून फाट्याफाट्यावर जी नवी पाटी दिसते ती बिअर शॉपीचीच असते.

आता सरकारी दुकानांकडे बघा. तमिळनाडूत टास्मॅक हे महामंडळ १९८३ मध्ये आलं आणि २००३ च्या अखेरीपासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हातात गेली. आज त्या राज्याच्या तिजोरीला त्या पैशाची इतकी सवय आहे की दुकानं कमी करायचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत दिलं जातं आणि दारूचा महसूल काही सुटत नाही. आंध्रात ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने दुकानं ताब्यात घेतली. लोकांच्या ओळखीचे ब्रँड गायब झाले, कधी न ऐकलेली नावं फळीवर आली, आणि २०२४ मध्ये सरकार बदलताच ३,३९६ दुकानं सोडत काढून पुन्हा खाजगी हातात दिली. दिल्लीत उलटं झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळं खाजगी केलं आणि सप्टेंबर २०२२ पासून परत सरकारी. तेव्हा "सरकारी म्हणजे कमी दारू" असं कुणी म्हणत असेल तर मला तरी तसं कुठे दिसलं नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आज दुकानाविरुद्ध गाव उभं राहिलं तर आपण तहसीलदाराकडे, कलेक्टरकडे, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे जातो. ते दुकानदाराचे कोणी नसतात, निदान कागदावर तरी. दुकानच सरकारचं असलं तर कलेक्टरला विक्रीचाही आकडा गाठायचा आणि आमच्या बायांचं निवेदनही ऐकायचं. त्यातलं कोणतं काम आधी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. विकणारा आणि बंद करणारा एकच झाला तर गावाने दाद कुणाकडे मागायची?

म्हणून माझं म्हणणं असं: काउंटरवर सरकार बसू नये. दुकानं खाजगीच असावीत, पण थोडी असावीत, तालुक्याच्या ठिकाणी असावीत आणि फक्त बिअर-वाईन नीट ठेवणारी असावीत. देशीच्या दुकानाला जोडून नको, गावच्या फाट्यावर नको.

तुमच्या भागातला अनुभव सांगा. विशेषतः सीमेवरच्या लोकांनी.

बाघकाठ (गोंदिया जिल्हा)

मी देवरी तालुक्यातला. बाघ नदी ओलांडली की छत्तीसगड, त्यामुळे ती दुकानं रोजच्या पाहण्यातली. २०१७ च्या एप्रिलपासून तिकडे सगळी विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. काउंटरला लोखंडी जाळी, हात जाईल एवढी खिडकी, आत एजन्सीने नेमलेली पगारी पोरं. "कोणती आहे?" विचारलं की "जी आहे ती ही". बिअर थंड मिळेलच असं नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पेट्यांतली बिअर मी पाहिली आहे, हात लावला तर बाटली कोमट नाही, गरम लागते.

आणि घोटाळ्याचं म्हणाल तर तिथल्या दारू प्रकरणात ईडीचा आरोपच असा आहे की नकली होलोग्राम लावलेला, हिशेबाबाहेरचा माल याच सरकारी दुकानांतून विकला गेला. प्रकरण कोर्टात आहे. पण "सरकारी म्हणजे भेसळ नाही, चोरी नाही" या गुरुजींच्या बोलण्याला तेवढं उत्तर पुरेसं आहे.

तरीही एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगेन, आणि ती लहान नाही. तिथे उधारी नाही. आमच्याकडच्या खाजगी दुकानात वही असते. धान विकला की चुकता करू, तेंदूपत्त्याचे पैसे आले की देऊ, असं चालतं. दिवाळीनंतर धानाचे पैसे येतात, त्यातला पहिला हिस्सा वहीवाला घेऊन जातो. घरच्या बाईला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जाळीमागचा पगारी पोरगा कुणाला ओळखत नाही आणि उधार देत नाही. धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या मांडणीत या वहीचं काय?

राजुऱ्याचा

आमचा जिल्हा चंद्रपूर. १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली, जुलैत दुकानं उघडली. मधल्या वर्षांत वणीकडून, नागपूरकडून, तेलंगणातून माल येतच राहिला. ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही.

मला तेलंगणाचं सांगायचं आहे, कारण तिथली पद्धत अर्धी-अर्धी आहे. घाऊक व्यापार सरकारी महामंडळाचा, किरकोळ दुकानं खाजगी. २०२३ मध्ये २,६२० दुकानांची सोडत निघाली. तेव्हा नुसत्या अर्जाचे २ लाख रुपये होते आणि ते परत मिळत नाहीत. नंबर लागला नाही तरी पैसे सरकारचे. लागला तर वर लायसनची फी वेगळी. एवढा पैसा ओतलेला माणूस शांत बसून गिऱ्हाईकाची वाट बघेल का? तो आजूबाजूच्या खेड्यांत किराणा दुकानात, पानटपरीवर माल ठेवतो. त्याला तिकडे "बेल्ट शॉप" म्हणतात. कागदावर एक दुकान, प्रत्यक्षात प्रत्येक वस्तीवर एक.

घाऊक महामंडळाचीही गंमत नाही, त्रासच आहे. जानेवारी २०२५ मध्ये किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजने तेलंगणाला पुरवठाच थांबवला. भाव वाढवून देत नाही आणि थकबाकी देत नाही, हे कारण दिलं होतं. काही दिवसांनी सुरू झाला, पण खरेदीदार एकच असला की असं होतं.

सांगायचं एवढंच की खाजगी म्हटलं म्हणजे झालं असं नाही. परवाना कशावर देता, अशा महागड्या सोडतीवर की साध्या ठरीव फीवर, यावर तो माणूस पुढे कसा वागणार ते ठरतं.

पऱ्हाटी

राजेहो, तुम्ही सारे इकून कोन रायला ते बोलून रायले, रिकाम्या बाटलीचं कोनी बोलत नाई. आमच्या वावराच्या धुऱ्यावर पोरं रात्री बसतात. पिऊन झाली का बाटली गोट्यावर फोडतात. आता निंदनाले बाया अनवानी जातात वावरात. मागच्या सालात एका बाईच्या पायात काच इतकी आत गेली का तालुक्याले नेऊन टाके घ्या लागले, अन् अर्धा हंगाम तिची मजुरी गेली. बैलाच्या खुरात घुसली तं त्याले सांगताबी येत नाई.

दुकान सरकारचं असो का सावकाराचं, त्यानं बाटली वापस घ्यावं. हे नाई झालं तं मी ग्रामसभेत दोघायलेबी इरोध करीन.

वऱ्हाडी_गोथेनबर्गात

मूळ अकोल्याचा, सध्या स्वीडनमध्ये. सरकारी दुकानाची एक वेगळी तऱ्हा मी रोज बघतो, ती इथे मांडायलाच हवी असं वाटलं.

इथे सिस्टेमबोलागेत नावाची सरकारी कंपनी आहे, १९५५ पासूनची. ३.५ टक्क्यांपर्यंतची हलकी बिअर किराणा दुकानात मिळते, त्यावरचं सगळं फक्त या कंपनीच्या दुकानात. वय २० पूर्ण पाहिजे. शनिवारी दुपारी तीनला शटर खाली, रविवारी बंद. बिअर फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, मुद्दाम. घेतली आणि दारातच उघडली असं होऊ नये म्हणून. सहा घेतल्या तर स्वस्त, असली योजना नाही. एका कॅनचा जो भाव तोच प्रत्येक कॅनचा. कंपनीचा उद्देशच मुळी जास्त विकणं हा नाही.

आणि तरी निवड खाजगी खास दुकानासारखी. जवळच्या छोट्या ब्रुअरीची बिअर त्या भागातल्या दुकानात ठेवतात. फळीवर नसेल तर मागवून देतात. लहान खेड्यात दुकान परवडत नाही, तिथे गावच्या किराणावाल्याकडे ऑर्डर द्यायची आणि काही दिवसांनी घेऊन जायची. जून २०२५ पासून ब्रुअरीला स्वतःच्या आवारातही थोडी विक्री करायची मुभा मिळाली, पण आधी पैसे भरून त्यांची माहितीफेरी घ्यावी लागते.

कॅन-बाटलीवर अनामत असते. ती कुठल्याही किराणा दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. पऱ्हाटीभाऊंच्या मुद्द्याला इथे हे उत्तर आहे.

धुऱ्यावरचे साहेब, त्यामुळे "सरकार काउंटरवर नको" हे मला सरसकट मान्य नाही. टास्मॅक आणि सिस्टेमबोलागेत दोन्ही सरकारीच. एकाला महसूल वाढवायला ठेवलं आहे, दुसऱ्याला नुकसान कमी करायला.

कॅनडाकर

वरच्या प्रतिसादाला थोडी जोड. ओंटारिओत १९२७ पासून "द बिअर स्टोअर" आहे. नावावरून आणि रुबाबावरून सरकारी वाटतं, पण मालकी बिअर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांची. दारू-वाईनची सरकारी दुकानं वेगळी. छोट्या ब्रुअरींची कित्येक वर्षं हीच तक्रार की फळी स्पर्धकाच्या हातात आहे. सप्टेंबर २०२४ पासून तिथे कोपऱ्यावरच्या दुकानांतही बिअर मिळायला लागली. रिकाम्या बाटल्या परत घेण्याचं काम मात्र बिअर स्टोअरने उत्तम केलं, ते मान्य करावं लागेल.

सेलूची_लेक (वर्धा जिल्हा)

मी बचत गटाचं काम करते. आमचा जिल्हा गांधीजींमुळे कित्येक दशकं कोरडा, तिकडे गडचिरोली १९९३ पासून. आमच्याकडे सरकारी नाही आणि खाजगीही नाही, आणि तरी मोहाची भट्टी नाल्यात लागतेच. म्हणून बंदीच हवी असा माझा हट्ट नाही. पण इथे चाललेल्या बोलण्यात मला एक गोष्ट खटकते: बिअर म्हणजे काहीतरी सौम्य, सभ्य वस्तू, आणि देशी म्हणजे वाईट.

हिशेब करून बघा. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्के धरले तर ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. देशीच्या १८० मिलीच्या पव्व्यात ४२.८ टक्क्यांप्रमाणे ७७ मिली. म्हणजे दीड स्ट्राँग बाटली आणि एक पव्वा सारखेच. आणि खेड्यातल्या शॉपीत जास्तीत जास्त काय खपतं? स्ट्राँगच. माईल्ड मागणारं गिऱ्हाईक शहरातलं.

फरक आहे तो पैशाचा. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी दारूवरचा कर वाढवला आणि देशीच्या पव्व्याची किमान किंमत ८० रुपये ठरली, विदेशीची २०५. बिअर त्या वाढीत नव्हती. तरी बिअरमधला नशेचा एकेक थेंब देशीपेक्षा खूप महाग पडतो. म्हणून मजूर देशीच पितो, आणि शॉपीत येतो तो कॉलेजचा, नुकता मिशा फुटलेला पोरगा. कायद्याने बिअरला २१ वर्षं पाहिजेत आणि कडक दारूला २५. काउंटरवर वयाचा पुरावा मागताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. आमच्या गटातल्या बायांची भीती तीच आहे. नवरा देशीवर गेला, आता लेक शॉपीवर जाईल.

अंबानगरीकर

माझा मुद्दा सोपा. मी महिन्यातून कधीतरी मित्रांसोबत दोन माईल्ड घेतो, घरी, कुणाला त्रास न देता. मला ताजी, नीट ठेवलेली बिअर हवी. ही वस्तू उन्हात आणि उष्णतेत खराब होते. हिरव्या बाटलीला ऊन लागलं तर तासाभरात वास बदलतो. गव्हाची बिअर तर आणखी नाजूक. नागपुरात एक-दोन दुकानं अशी आहेत की मालक स्वतः तारीख बघून जुना माल बाजूला काढतो, काय कशासोबत घ्यावं ते सांगतो. जाळीमागचा पगारी माणूस हे करणार नाही. आमच्यासारख्या गिऱ्हाईकाचाही विचार व्हावा.

धुऱ्यावरचा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उत्तर क्रमाने देत नाही, जे जास्त महत्त्वाचं वाटलं ते आधी.

बाघकाठभाऊ, वहीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. आमच्याकडेही तेच. कापूस संकलन केंद्रावर पैसे जमा झाले की वहीवाला दुसऱ्या दिवशी दारात. पण उधारी थांबवायला दुकान सरकारी करावं लागत नाही. परवान्याच्या अटीत "उधार विक्री आढळल्यास परवाना निलंबित" असं घालता येतं, आणि त्याहून नेमकं म्हणजे दारूची उधारी वसूल करायला कुठलाही कागद ग्राह्य धरू नये. वही जप्त झाली की दुकानदाराचा जोर संपतो. ग्रामसभेच्या ठरावात मी हे लिहून घेणार आहे.

गोथेनबर्गचे भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो, पण आपल्या राज्यापुरतं माझं मत तेच राहतं. स्वीडनच्या सरकारला कंपनीचा नफा कमी झाला तरी चालतं. आपल्याकडे लाडक्या योजनांचा खर्च वाढला की पहिली नजर उत्पादन शुल्काकडे जाते. जून २०२५ ची करवाढ त्यातूनच आली. अशा सरकारच्या हातात काउंटर दिला तर तो टास्मॅकच होणार. तुमच्याकडच्या दोन गोष्टी मात्र खाजगी दुकानालाही लावता येतील. जास्त घेतल्यावर सूट नाही, आणि बाटलीवर अनामत. ही दुसरी गोष्ट आपल्या देशातही झाली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नीलगिरीत टास्मॅकने २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी आणल्यावर परत द्यायला सुरुवात केली. डोंगरातल्या जनावरांच्या पायात काचा जात होत्या म्हणून. पऱ्हाटीभाऊ, नीलगिरीत हत्तीसाठी झालं ते आपल्या बैलासाठी आणि निंदणाऱ्या बाईसाठी का होऊ नये?

राजुऱ्याचे भाऊ, असली महागडी सोडत नकोच. साधी ठरीव फी आणि मोजकी दुकानं.

सेलूच्या ताई, तुमच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते टाळूनही चालणार नाही. स्ट्राँगचं खपणं हेच शॉपीचं उत्पन्न आहे. मग फक्त ५ टक्क्यांपर्यंतच्या बिअरचा वेगळा, स्वस्त फीचा परवाना असावा का? स्वीडनने ३.५ वर रेघ ओढली, आपण ५ वर ओढू. अंबानगरीकरांना हवं ते दुकानही त्यातूनच उभं राहील. स्ट्राँगवाल्याला फी जास्त, अटी जास्त. वयाच्या पुराव्याचं म्हणाल तर काउंटरवर कॅमेरा आणि त्याचं चित्रण मागायचा हक्क ग्रामसभेच्या दक्षता समितीला.

सेलूची_लेक

५ टक्क्यांची रेघ मला चालेल. पण फाट्यावर नको, हे ठरावात पहिलं लिहा. आणि दुकान आलंच तर पुढे काय, हे बायांना आत्ताच सांगून ठेवा.

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. अडचण कुठे येते ते ऐका. झालेल्या मतांच्या निम्मी नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. वीटभट्टीवर गेलेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, वारलेली, सगळ्यांची नावं यादीत असतात आणि त्या न आलेल्या बाया आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. मी पाहिलेल्या एका गावात आलेल्या बायांपैकी जवळपास सगळ्यांनी आडवीला शिक्का मारला आणि तरी दुकान वाचलं.

तेव्हा आधी मतदार यादी शुद्ध करून घ्या. बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, मयत आणि स्थलांतरित नावं वगळण्याचे अर्ज आत्ता द्या, वाद पेटल्यावर नाही. मतदानाची तारीख पेरणीच्या, वेचणीच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत येऊ देऊ नका.

राजुऱ्याचा

ताईंच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. आणखी एक: अर्जातली जागा महामार्गापासून किती अंतरावर दाखवली आहे ते तपासा. सुप्रीम कोर्टाने २०१६-१७ मध्ये ५०० मीटरची अट घातली आणि २० हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या ठिकाणी ती २२० मीटर केली. फाट्यावरचं दुकान म्हटल्यावर तिथेच खोट निघू शकते. टेप घेऊन स्वतः मोजा.

पऱ्हाटी

टेप माह्याकडं हाय, वावर मोजाचा. येतो मी.

धुऱ्यावरचा

या. अर्जाची आणि जागेच्या नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली आहे. यादीचं काम आमच्या दोन आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा मिळून करणार आहेत, घरोघरी जाऊन कोण गावात आहे आणि कोण नाही ते टिपून. ठरावाचा मसुदा उद्या इथेच टाकतो. उधारीची, अनामतीची आणि ५ टक्क्यांची कलमं कशी लिहावीत ते वकील मंडळींपैकी कुणी बघून दिलं तर बरं होईल.